पोळींच्या बारा संघांचं छोटं एशियाड: बडोद्यात फुटबॉल स्पर्धा कशी आखावी

बडोद्यात पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्लीवजा वस्ती. तिथल्या मंडळाची फुटबॉल स्पर्धा म्हटली की आधी बाद पद्धत सुचते. सोळा संघ, पंधरा सामने, आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी. १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या एशियाडमध्येही बाद पद्धतच होती. संघ सहाच होते. भारतानं इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या गोलवर इराणला १-० असं हरवून तीन सामन्यांत सुवर्णपदक घेतलं. आता ऑलिंपिक असो की एशियाड, पुरुषांचा फुटबॉल आधी गटात आणि मग बाद फेरीत खेळतात, संघ २३ वर्षांखालचा असतो, त्यात तिघे मोठे चालतात, आणि तिसऱ्या क्रमांकालाही पदक असतं. दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, नवापुरा अशा भागांतल्या मंडळांना हा आराखडा छान बसतो. मुलांना निदान तीन सामने मिळतात आणि पोळीतल्या जुन्या खेळाडूंनाही बूट कपाटातून बाहेर काढायला निमित्त मिळतं.

अहमदाबादला २०३० मध्ये राष्ट्रकुल खेळ होणार आहेत, तेव्हा त्यांच्या धर्तीवर फुटबॉल घेऊ, असं बैठकीत कुणी म्हणालंच तर सांगून टाका की राष्ट्रकुल खेळांत फुटबॉल नसतो.

आधी तारखा

बडोद्यात वर्षभरात फुटबॉलला सोयीचे दिवस मोजकेच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला धरून बसतो. नवरात्रात बरीच मैदानं गरब्याच्या मंडपाखाली जातात आणि नंतर गवतात खिळे, तारा, सुतळीचे तुकडे सापडत राहतात. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण आणि वासी उत्तरायण, पण पतंग त्याच्या आठवडाभर आधीपासूनच उडायला लागतात आणि तुटलेला मांजा गोलच्या जाळीत, कॉर्नरच्या झेंड्याला, गवताला अडकून राहतो. धावत्या मुलाच्या गळ्याशी काच लावलेला दोरा येणं म्हणजे थेट इस्पितळ. म्हणून १८ डिसेंबर ते २ जानेवारी हे सोळा दिवस धरावेत. दुपारी ऊन सोसवतं, नाताळची सुट्टी मध्येच येते आणि मांजाचा हंगाम सुरू व्हायच्या आत मैदान मोकळं होतं.

सूर्य साधारण सहाला मावळतो, हे गणित पक्कं धरा. ३५-३५ मिनिटांचे दोन डाव, १० मिनिटं विश्रांती आणि वाया गेलेला वेळ मिळून सामन्याला ८५ मिनिटं लागतात. पहिला सामना २.४५ ला, दुसरा ४.२० ला ठेवला तर पावणेसहाला शेवटची शिट्टी होते. पाहुण्यांच्या स्वागतासाठी पहिला सामना वीस मिनिटं उशिरा सुरू केला की दुसऱ्या सामन्याच्या शेवटी गोलीला (गोलरक्षकाला) चेंडू दिसत नाही. सत्कार करायचे तर मध्यंतरात करा.

बारा संघ, सव्वीस सामने

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे संघ सोळाऐवजी बाराच असणार आहेत. आपल्यालाही बाराच सोयीचे. चार-चार संघांचे तीन गट करा: अ, ब, क. प्रत्येक गटात सहा सामने, म्हणजे गटांचे अठरा. प्रत्येक गटातले पहिले दोन असे सहा आणि तीन तिसऱ्यांतले सरस दोन, असे आठ संघ पुढे जातात. उपांत्यपूर्व फेरीचे चार, उपांत्य दोन, कांस्यपदकाचा एक आणि अंतिम एक. एकूण सव्वीस.

दिवसाला एकच गट खेळवा. पहिल्या दिवशी अ चे दोन सामने, दुसऱ्या दिवशी ब चे, तिसऱ्या दिवशी क चे, चौथ्या दिवशी पुन्हा अ. नऊ दिवसांत गटांचे सामने संपतात आणि कुठलाही संघ एक सामना खेळल्यावर तिसऱ्या दिवसाआधी पुन्हा मैदानात उतरत नाही. दहावा दिवस मोकळा. अकराव्या आणि बाराव्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीचे दोन-दोन सामने, चौदाव्याला दोन्ही उपांत्य, सोळाव्याला आधी कांस्य आणि मग अंतिम. तेरावा आणि पंधरावा दिवस राखीव. अवकाळी पाऊस आला किंवा कुणाच्या लग्नाची वरात मैदानात शिरली, तरी सामना हलवायला जागा राहते.

या मोकळ्या दिवसांवर आयोजक पहिली कात्री चालवतात, आणि तिथेच चुकतात. दोन सामन्यांत साधारण ४८ तास हवेतच. हांगझोऊच्या एशियाडमध्ये १९ सप्टेंबर २०२३ ला भारताचा पहिला सामना चीनशी होता आणि संघ तिथे पोहोचला आदल्या संध्याकाळी. मध्यंतरापर्यंत १-१ अशी बरोबरी होती, शेवटी ५-१ नं हार झाली. थकलेला संघ बहुतेक वेळा दुसऱ्या डावातच कोसळतो. आपल्याकडची मुलं तर सकाळी कॉलेज किंवा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) पाळी करून दुपारी खेळायला येणार.

नोकरदार मुलांना आठवड्याच्या मधल्या दिवशी पावणेतीनला यायला जमत नाही, ही तक्रार येणारच. दोन उपाय आहेत. एक, संघ अठराचा ठेवा, म्हणजे दोघे-तिघे नसले तरी अडत नाही. दोन, ज्या संघात नोकरदार जास्त त्यांना ४.२० चा सामना द्या. सगळंच शनिवार-रविवारी न्यायचं म्हटलं तर हीच स्पर्धा सहा आठवडे रेंगाळते, आणि चौथ्या आठवड्यात स्वयंसेवक सापडत नाहीत.

गटाची शेवटची फेरी एकाच वेळी

सातव्या, आठव्या आणि नवव्या दिवशी गटाचे दोन्ही सामने एकाच वेळी, ३.४५ ला, सुरू करा. त्यासाठी तीन दिवसांपुरतं दुसरं मैदान लागतं. पटांगण पोलो ग्राउंडसारखं ऐसपैस असेल तर शेजारी-शेजारी दोन आखता येतात, नाहीतर जवळच्या शाळेचं मागून घ्या. हा खर्च टाळू नका. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशी उरकला होता. दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, खिहोन शहरात पश्चिम जर्मनी १-० नं जिंकली तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे, हे दोघांना ठाऊक होतं. दहाव्या-अकराव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडेतिकडे टोलवण्यात घालवला. तेव्हापासून मोठ्या स्पर्धांत शेवटचे गटसामने एकदमच सुरू होतात. आपल्याकडे तर दोन्ही संघांत मावसभाऊ-आतेभाऊ असतात, म्हणजे जमवून घेणं आणखी सोपं.

क गट शेवटी खेळतो, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकासाठी किती गुण हवेत हे त्यांना आधी कळतं. हे पूर्ण टाळता येत नाही. कोणता गट क व्हायचा ते मात्र चिठ्ठीनं ठरवा, आयोजक मंडळानं स्वतःचा संघ त्यात टाकू नये.

वय: जन्मतारीख लिहा, वर्षं नको

‘२३ वर्षांखालील’ एवढंच पत्रकात छापलं तर निम्मी भांडणं तिथेच रुजतात. २३ पूर्ण झालेला चालतो की नाही, वय कुठल्या दिवशी मोजायचं, कुणालाच कळत नाही. मोठ्या स्पर्धा थेट तारीख देतात. पॅरिस २०२४ साठी १ जानेवारी २००१ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं तरी १ जानेवारी १९९७ हीच तारीख कायम ठेवली, म्हणून तिथे २४ वर्षांचे खेळले. हांगझोऊलाही तसंच झालं, तिथे तारीख १ जानेवारी १९९९ होती. आपली स्पर्धा डिसेंबर २०२६ मध्ये सुरू होत असेल तर ‘१ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर जन्मलेले’ असं लिहा. स्पर्धा जानेवारीत संपते म्हणून कुणी पुढचं वर्ष धरायला नको, सुरुवातीच्या दिवसाचं वर्ष धरायचं, हेही त्याच ओळीत लिहून टाका.

पुरावा म्हणून महापालिकेचा जन्मदाखला किंवा शाळेची एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) घ्या. आधार कार्ड चेहरा पटवायला चांगलं, जन्मतारखेसाठी त्यावर विसंबू नका. मूळ कागद पाहून प्रत ठेवून घ्या आणि हे काम चिठ्ठ्या काढायच्या आदल्या दिवशी संपवा. सामन्याच्या दिवशी कागद तपासायला बसलात तर समोर दोनशे प्रेक्षक असतात आणि खेळाडूला ‘नाही’ म्हणायची कुणाचीच छाती होत नाही.

मोठे तिघे म्हणजे यादीत तिघे. मैदानात तिघे आणि बाकावर आणखी दोघे, असा अर्थ काढायला मंडळं तयारच असतात. ऑलिंपिकमध्ये वयाची अट १९९२ ला आली आणि तिघांची सवलत १९९६ ला. या तीन जागा पोळीपोळीत फॉरवर्डवर उधळल्या जातात. त्यापेक्षा एक गोली, एक मधला बचावपटू आणि एक मिडफिल्डर असा सौदा बरा. वीस वर्षांची मुलं पळायला कमी पडत नाहीत, कॉर्नरच्या वेळी कुणाला धरायचं हे ओरडून सांगणारं माणूस मागे लागतं.

यादी अठराची, त्यात निदान दोन गोली. शिवाय चार राखीव नावं. पहिल्या सामन्याआधी कुणी जायबंदी झाला तर राखीव घेता येईल. पहिल्या सामन्यानंतर बदल फक्त गंभीर दुखापतीला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर. जर्सीचे क्रमांक १ ते १८, स्पर्धाभर तेच. क्रमांक बदलत राहिले की पिवळं कार्ड कुणाच्या नावावर लिहायचं, हाच वाद होऊन बसतो. रंग सारखे आले तर काय करायचं ते आधी ठरवा. दोन रंगांच्या बारा-बारा बिब्सच्या (जर्सीवरून घालायच्या बंड्यांच्या) दोन थप्प्या आयोजकांकडे असल्या की काम भागतं.

बरोबरी सुटायचा क्रम

नियमांच्या कागदावर सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. गुण सारखे झाले की दोन परंपरा आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये आधी गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक पाहत होते. आशिया चषकात आधी आपसातला सामना पाहतात. दोन्ही रास्त आहेत, पण निकाल उलटेपालटे होऊ शकतात. समजा एका गटात हे निकाल लागले:

दांडिया बाजार १, शियाबाग ०
शियाबाग २, रावपुरा १
रावपुरा ३, दांडिया बाजार १
दांडिया बाजार ६, नवापुरा ०
शियाबाग ३, नवापुरा ०
रावपुरा १, नवापुरा ०

पहिल्या तिघांचे ६-६ गुण. सगळे सामने धरले तर दांडिया बाजारनं ८ केले, ३ खाल्ले, फरक +५. शियाबाग ५ आणि २, फरक +३. रावपुरा ५ आणि ३, फरक +२. म्हणजे दांडिया बाजार पहिला, रावपुरा तिसरा. आता नवापुऱ्याचे सामने बाजूला ठेवून फक्त आपसातले पाहा. रावपुरा ४ आणि ३, फरक +१. शियाबाग २ आणि २, फरक शून्य. दांडिया बाजार २ आणि ३, फरक −१. रावपुरा पहिला, दांडिया बाजार तिसरा. मैदानावर घडलं तेच, तक्ता मात्र डोक्यावर उभा.

मंडळांच्या स्पर्धेत आपसातला सामना आधी धरावा. एखादा संघ हमखास कच्चा असतो, आणि त्याच्यावर सहा गोल चढवणाऱ्याला बक्षीस मिळावं हे बरं दिसत नाही. शिवाय त्या कच्च्या संघाला शेवटच्या दहा मिनिटांत कुणी तुडवत बसत नाही. मग क्रम असा लिहा: आपसातले गुण, आपसातला गोलफरक, आपसातले गोल, सगळ्या सामन्यांचा गोलफरक, सगळे गोल, कार्डांचे गुण, शेवटी चिठ्ठी. कार्डांचा हिशेब: पिवळं −१, दोन पिवळ्यांमुळे लाल −३, थेट लाल −४, पिवळ्यानंतर थेट लाल −५. एका खेळाडूला एका सामन्यात यांतली एकच वजाबाकी लागते.

हरलेल्या सामन्यातला एकुलता गोलही नीट नोंदवा. हांगझोऊत भारत आणि म्यानमार दोघांचे ४ गुण झाले, आपसातला सामना १-१, गोलफरक दोघांचाही −३. भारताचे गोल ३ आणि म्यानमारचे २, एवढ्यावर भारत गटात दुसरा आला. त्या तिनांतला एक गोल चीनकडून ५-१ नं हरताना राहुल के. पी. नं केलेला होता.

गटागटांतल्या तिसऱ्या संघांची तुलना करताना आपसातला सामना नसतोच, तेव्हा गुण, गोलफरक, गोल, कार्डं, चिठ्ठी. इथे एक खाच आहे. एका गटातून संघ निघून गेला तर त्या गटातले बाकीचे दोनच सामने खेळतात आणि तुलना लंगडी पडते. हांगझोऊला अफगाणिस्तान आणि सीरिया आलेच नाहीत, त्यांच्या गटात दोनच संघ उरले होते. उपाय असा: एखाद्या गटात तीनच संघ राहिले तर इतर गटांतल्या तिसऱ्या संघांचे त्यांच्या चौथ्याविरुद्धचे सामने वगळून तुलना करायची. एखादा संघ मध्येच बाहेर पडला तर त्याचे सगळे निकाल पुसायचे, खेळलेले धरून. नुसता एका सामन्याला आला नाही तर ३-० वॉकओव्हर. वाट पाहायची ती १५ मिनिटं, घड्याळ रेफरीचं, आणि सुरुवातीला निदान सात खेळाडू हवेत.

पुढच्या जोड्या

उपांत्यपूर्व फेरीच्या जोड्या स्पर्धेआधीच छापा:

१) अ-१ विरुद्ध ब किंवा क चा तिसरा
२) ब-१ विरुद्ध अ किंवा क चा तिसरा
३) क-१ विरुद्ध अ-२
४) ब-२ विरुद्ध क-२

तिसऱ्यांमध्ये अ आणि ब आले तर अ-१ ला ब-३, ब-१ ला अ-३. अ आणि क आले तर अ-१ ला क-३, ब-१ ला अ-३. ब आणि क आले तर अ-१ ला ब-३, ब-१ ला क-३. कुठल्याही परिस्थितीत एका गटातले दोघे लगेच पुन्हा भेटत नाहीत. उपांत्य फेरीत पहिल्याचा विजेता चौथ्याच्या विजेत्याशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी. म्हणजे एकाच गटातले पहिले-दुसरे अंतिम सामन्याआधी समोर येत नाहीत. अकराव्या दिवशी १ आणि २, बाराव्या दिवशी ३ आणि ४ खेळवा. क-१ ला तिसऱ्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाचा संघ मिळतो, हा थोडा अन्याय आहे, पण गट तीन असले की विजेते तीन आणि पुढे गेलेले तिसरे दोनच, एकाला तो सोसावाच लागतो.

बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ नको, सरळ पेनल्टी. उजेड नसतो, पायही उरलेले नसतात. पाच-पाच, मग एकेक. सामना संपला तेव्हा मैदानात असलेलेच मारतील. एका संघाचा खेळाडू लाल कार्डानं कमी असेल तर दुसऱ्यानंही तेवढे वगळायचे, हे रेफरीला आठवण करून द्यावं लागतं. कांस्यपदकाच्या सामन्यालाही हाच नियम ठेवा. १९७२ ला म्युनिकमध्ये सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी जादा वेळेनंतरही २-२ राहिले आणि दोघांना कांस्य वाटून दिलं. ऐकायला छान वाटतं, पण पदकं अठराच मागवलेली असतात. भारतानं १९५६ ला मेलबर्नमध्ये हाच सामना बल्गेरियाशी ३-० नं गमावला आणि चौथा आला. १९७० ला बँकॉकच्या एशियाडमध्ये जपानला १-० हरवून कांस्य घेतलं. तेव्हा या सामन्याला ‘औपचारिक’ समजून दुपारी दीडला उरकू नका.

दोन वेगवेगळ्या सामन्यांत पिवळं मिळालं तर पुढचा एक सामना बंदी. उपांत्यपूर्व फेरी संपली की एकेरी पिवळी कार्डं पुसून टाका, म्हणजे उपांत्य सामन्यात एकदा उशिरा घातलेल्या पायामुळे कुणी अंतिम सामन्याला मुकत नाही. बदली खेळाडू पाच, पण खेळ थांबवून फक्त तीन वेळा, मध्यंतर त्यात धरायचं नाही.

मैदान

आकार १०० × ६४ मीटर. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. डिसेंबरात साडेचारनंतर ऊन तिरपं येतं आणि पश्चिमेकडे तोंड करून उभ्या गोलीला उंच चेंडू दिसत नाही.

आधी चाला. चार माणसं खांद्याला खांदा लावून, हातात चुंबक बांधलेली काठी, गरब्याच्या मंडपाचे खिळे वेचत. काळ्या मातीला थंडीत भेगा पडतात. बोट शिरेल इतकी भेग असेल तर गाळलेली माती भरून पाणी मारा, वाळू एकटी भरू नका, ती उडून जाते. मैदानात क्रिकेटचं टणक पिच असेल तर आखणी अशी सरकवा की ते गोलसमोरच्या पेटीत येणार नाही. मध्यवर्तुळात आलं तर चालेल, तिथे गोली उडी मारत नाही.

मग १०० मीटरची बाजू आखा. काटकोनासाठी कोपऱ्यापासून एका रेषेवर १५ मीटर, दुसरीवर २० मीटर, आणि दोन्ही टोकांत बरोबर २५ आलं पाहिजे. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा, दोन्ही ११८.७३ मीटर भरले की मैदान चौकोनी. स्टीलचा टेप वापरा. नायलॉनची दोरी ताणते आणि शंभर मीटरला हातभर फरक पडतो.

गोलरेषेवर कोपऱ्यापासून एकदाच टेप ताणून या खुणा करा: ११.८४, २२.८४, २८.३४, ३५.६६, ४१.१६, ५२.१६, शेवटी ६४. पहिली आणि सहावी मोठ्या पेटीच्या, दुसरी आणि पाचवी लहान पेटीच्या, मधल्या दोन खांबांच्या आतल्या बाजूच्या. मोठी पेटी १६.५ मीटर आत, लहान ५.५. पेनल्टीची खूण गोलरेषेच्या मध्यापासून ११ मीटर, तिथून आणि मध्यबिंदूपासूनही ९.१५ ची त्रिज्या. कॉर्नरचा कंस १ मीटर. नेहमीची चूक म्हणजे पेटी खांबाच्या बाहेरच्या बाजूपासून मोजणं. मग पेटी खांबाच्या जाडीएवढी दोन्हीकडे फुगते.

या सगळ्या रेघांची लांबी मिळून जवळपास ७०० मीटर होते. भुकटी किती मागवायची हे कळत नसेल तर पहिले २० मीटर आखून किती लागली ते मोजा आणि ३५ नं गुणा. न विरवलेला चुना अजिबात नको, घामेजलेल्या गुडघ्याला आणि डोळ्याला पोळतो. खडूची किंवा संगमरवराची भुकटी घ्या. रेघ १२ सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, आणि रोज पहिल्या सामन्याआधी गोलरेषा तेवढी पुन्हा ओढा, कारण गोल झाला की नाही हा वाद तिथेच होतो.

गोल ७.३२ × २.४४ मीटर, दोन्ही मापं आतून. उचलून न्यायचे गोल असतील तर ते पुढे पडून जीव जाऊ शकतो, त्यात हलगर्जी नको. मागच्या आडव्या पाइपवर प्रत्येक गोलला २५-३० किलोच्या निदान चार गोण्या आणि जमिनीत खुंट्या, दोन्ही. भेगाळलेल्या मातीत नुसती खुंटी हातानं उपटून येते. मध्यंतरात लहान मुलं आडव्या दांडीला लटकतात, तिथे एक स्वयंसेवक उभाच हवा.

चेंडू पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवा ८.५ ते १५.६ पौंडांत चालते, पण टणक मैदानावर साडेनऊ-दहाच ठेवा, त्याहून जास्त भरला तर टप्पा डोक्यावरून जातो. गेज नसलेल्या पंपानं अंदाजे हवा भरू नका. सामन्याला चार चेंडू, दोन गोलमागे, एक टेबलावर, एक खेळात.

प्रेक्षकांसाठी बाजूच्या रेषेपासून तीन मीटरवर दोरी बांधा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २४ जुलै २०२४ ला सेंट एटिएनला अर्जेंटिना-मोरोक्को सामन्यात शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल झाला आणि लोक मैदानात घुसले. मग जवळपास दोन तासांनी तो गोल रद्द ठरवून रिकाम्या स्टेडियममध्ये उरलेली तीन मिनिटं खेळवली. आपल्याकडे दोन तासांत अंधार पडतो. म्हणून नियमात लिहा: सामना थांबला आणि २० मिनिटांत सुरू झाला नाही तर उरलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी, त्याच गुणफलकावरून, त्याच खेळाडूंनिशी.

टेबलावर बर्फाची पेटी, स्ट्रेचर, जवळच्या इस्पितळाचा नंबर आणि एक रिकामी गाडी, चालक ठरलेला. डोकं आपटून क्षणभर जरी भान गेलं तरी तो खेळाडू त्या दिवशी परत नाही. यावर कप्तानाचं ऐकायचं नाही.

पदकं प्रत्येक रंगाची अठरा. ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकाला पदक मिळत नाही, आपल्याकडे त्याला श्रीफळ-शाल द्या. बक्षीस समारंभ आटोपला की गोल त्याच रात्री आडवे करून साखळीनं बांधा, खुंट्या उपटा आणि त्यांची भोकं माती ठोकून बुजवा. आठ-दहा दिवसांत याच मैदानावर मुलं वर पतंगाकडे बघत धावणार आहेत.